‘व्ही. होम’ असा पत्ता

१९८५ सालचा डिसेंबर. मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात गुप्तरोगांवरील उपचारांसाठी येणाऱ्या स्त्रियांचे कागद सेल्लप्पन निर्मला चाळत होत्या. नावे निरनिराळी, वये निरनिराळी. पत्त्याच्या रकान्यात मात्र अनेकींच्या कागदावर एकच नोंद पुन्हा पुन्हा दिसत होती: ‘व्ही. होम’. चौकशी केल्यावर उलगडा झाला. ते कोणाचे घर नव्हते. ‘व्हिजिलन्स होम’, म्हणजे देहविक्रयविरोधी कायद्याखाली पकडलेल्या आणि निराधार स्त्रियांना कोंडून ठेवण्याची सरकारी जागा, असा त्या अक्षरांचा अर्थ होता.

निर्मला तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला त्यांनी प्रवेश घेतला होता. घरी दोन लहान मुले होती. खेड्यातून आलेल्या, परंपरेत वाढलेल्या, स्वभावाने अबोल. प्रबंधासाठी त्यांना सुमारे २०० रक्तनमुने हवे होते आणि ते कुठून मिळवायचे हाच पहिला प्रश्न होता. मुंबई, दिल्ली किंवा कोलकात्यात देहविक्रयाच्या वस्त्या सर्वांना ठाऊक असतात. मद्रासमध्ये तसा ठरलेला पत्ता नव्हता. हॉस्पिटलात ओळख झालेल्या एकदोन स्त्रियांनी आणखी काही जणींची नावे सांगितली, आणि त्या धाग्याने निर्मला व्हिजिलन्स होमपर्यंत पोहोचल्या.

हे व्हिजिलन्स होम मैलापूरचे. मैलापूर म्हटले की कपालीश्वराचे गोपुर, देवळाभोवतीचे चार माड रस्ते, पलीकडे सांतोमचे चर्च, आणि डिसेंबर उजाडला की पहाटे दारोदारी काढलेले कोलम व संध्याकाळी सभागृहांतून चालणाऱ्या कर्नाटक संगीताच्या मैफली डोळ्यांपुढे येतात. मराठी वाचकाला हा भाग अगदीच परका नाही. दिवाणबहादूर रघुनाथराव यांचे घर इथलेच. विद्वत्ता आणि सोवळेपणा यांसाठी नावाजलेल्या या वस्तीतच ते कुलूपबंद आवारही होते. मात्र त्याचे नाव सहसा कोणी घेत नसे. निर्मला यांचा प्रबंध त्या आवारात घडला.

विषय त्यांनी स्वतः निवडलेला नव्हता. त्याआधी त्यांचे काम लेप्टोस्पायरोसिसवर, म्हणजे उंदीर-कुत्र्यांच्या मूत्रातून पसरणाऱ्या जिवाणूजन्य आजारावर चाललेले होते. एड्सविषयी त्यांना फारशी माहिती नव्हती. तो विषय सुचवला त्यांच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सोलोमन यांनी.

सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबात, सात भावांत एकुलती बहीण म्हणून त्या वाढल्या. लस टोचायला दरवर्षी घरी येणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याला पाहून आपल्याला वैद्यकाची ओढ लागली, असे त्या सांगत. मद्रास मेडिकल कॉलेजातच शिकल्या, तिथेच भेटलेल्या डॉ. व्हिक्टर सोलोमन या हृदयशल्यविशारदांशी त्यांचा विवाह झाला. इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे विकृतिशास्त्राचा अनुभव घेऊन १९७३ साली दोघेही मद्रासला परतले. जून १९८१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापली, १९८३ साली पॅरिसमध्ये विषाणू हाती लागला, मार्च १९८५ मध्ये रक्त तपासण्याची पहिली चाचणी अमेरिकेत मंजूर झाली. हे सारे त्या बारकाईने वाचत होत्या. प्रश्न साधा होता: हा विषाणू भारतात आहे का?

देशाने त्याचे उत्तर जवळजवळ ठरवून टाकले होते. हा आजार पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा, भारतीय संस्कृतीत त्याला थारा नाही, असे वृत्तपत्रे लिहीत होती. तो इथे येईपर्यंत अमेरिकेने औषध शोधलेले असेल, अशी विनोदवजा भविष्येही वर्तवली जात. याला वरवर पाहता आधारही होता. मुंबईतल्या आणि अन्य ठिकाणच्या शेकडो नमुन्यांची तपासणी झाली होती, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत त्या परीक्षा झाल्या होत्या, आणि एकही नमुना बाधित निघाला नव्हता. निर्मला यांनी आपल्या मार्गदर्शिकेला स्पष्टच सांगितले की निकाल नकारात्मकच येणार.

पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही शंका गैर म्हणता येणार नाही. दोन-अडीच वर्षांची मुदत, हाताशी पैसा नाही, आणि शेवटी प्रत्येक रकान्यात ‘नाही’ एवढेच लिहायचे असेल, तर परीक्षकांपुढे काय ठेवायचे? आपल्या महाविद्यालयांत विषय निवडताना आजही हाच हिशेब होतो. खात्रीने काहीतरी सापडेल असा, म्हणजेच बहुधा आधी कोणाला तरी सापडलेला विषय घेतला जातो. शेकडो नमुन्यांतून काही निघाले नाही म्हणून ते देशात नाही, असा निष्कर्ष काढताना ते नमुने कोणाचे होते हे विचारावे लागते. विषाणू लोकसंख्येत सारख्या प्रमाणात मिसळलेला नसतो. सोलोमन यांनी नेमके तेच विचारले: जिथे तो असेल तर सर्वांत आधी असेल, तिथे शोध झाला आहे का? म्हणून देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष आणि आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी असे गट ठरले. यांतला दुसरा गट तेव्हाच्या मद्रासमध्ये उघडपणे सापडणे कठीणच होते. काम मुख्यतः स्त्रियांवर येऊन ठेपले.

तीन महिने निर्मला रोज सकाळी कामावर जाण्याआधी व्हिजिलन्स होम गाठत. घरची परिस्थिती बेताची. बसचे पैसेही मोजून खर्चावे लागत, म्हणून पती त्यांना स्कूटरवरून सोडत. या कामाला आधी कचरणाऱ्या निर्मलांना धीर दिला तोही त्यांनीच. आत जायचे, एकेकीशी बोलायचे, दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचे. हातमोजे नव्हते. संरक्षणाचे कोणतेही साधन नव्हते. असे ऐंशीहून अधिक नमुने जमले.

हा भाग सांगताना त्यांच्या धाडसाचे कौतुक करण्याचा मोह होतो. तो जरा आवरलेला बरा. बाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्ग होण्याची शक्यता साधारण तीनशेत एक असते, हे पुढच्या काळात मोजले गेले. तेव्हा तो आकडा कोणालाच ठाऊक नव्हता. आज एखाद्या विद्यार्थिनीने असे नमुने गोळा केले तर तिला त्याच दिवशी प्रयोगशाळेबाहेर काढतील आणि ते योग्यच ठरेल. निर्मलांपुढे मात्र हातमोजे घालून काम करणे किंवा मोज्यांवाचून करणे असा पर्यायच नव्हता. काम करायचे की सोडून द्यायचे, एवढाच होता.

सोलोमन यांनी पतीकडून उसने पैसे घेऊन एक छोटीशी कामचलाऊ प्रयोगशाळा उभी केली. तिथे दोघी रक्तातून सीरम वेगळे करीत. रक्त गोठू द्यायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, वर येणारा पिवळसर द्रव काळजीने काढून छोट्या बाटल्यांत भरायचा. प्रतिपिंडे असतात ती त्या द्रवात. हे सीरम थंड ठेवावे लागते. तशी सोय नव्हती. म्हणून निर्मला त्या बाटल्या घरी नेत आणि स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवत. ज्या घरात दोन लहान मुले वावरत होती, त्या घराच्या फ्रिजमध्ये.

मद्रासमध्ये एलायझा चाचणीची सोय नव्हती. ती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होती, सुमारे १४० किलोमीटरवर. फेब्रुवारी १९८६ मधल्या एका रात्री निर्मला आणि त्यांचे पती बर्फाच्या पेटीत नमुने घेऊन काटपाडीला जाणाऱ्या गाडीत बसले. काटपाडीहून रिक्षा, आणि सकाळी कॉलेजचा विषाणुशास्त्र विभाग. विभागप्रमुख डॉ. टी. जेकब जॉन यांनी पी. जॉर्ज बाबू आणि एरिक सिमोस हे दोन तरुण सहकारी मदतीला दिले. साडेआठला काम सुरू झाले.

एलायझाचे तंत्र आता इतके सरावाचे झाले आहे की त्यामागची युक्ती विसरली जाते. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये छोटे छोटे खळगे असतात. त्यांच्या पृष्ठभागावर विषाणूची प्रथिने चिकटवलेली असतात. त्यावर रुग्णाचे सीरम घालायचे. त्यात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असली तर ती प्रथिनांना पकडून बसतात. बाकी सारे धुऊन जाते. मग दुसरे एक प्रतिपिंड घालतात. ते मानवी प्रतिपिंडांना चिकटते आणि त्याच्या पाठीवर एक विकर बांधलेले असते. पुन्हा धुवायचे. शेवटी रंगहीन द्रव घातला की जिथे विकर शिल्लक असेल तिथेच रंग उमटतो. म्हणजे ही चाचणी विषाणू दाखवत नाही. शरीराने त्याच्याशी दिलेल्या झुंजीची खूण दाखवते. प्रत्येक धुण्यात हात चुकला तर निकाल चुकतो, म्हणून दर प्लेटमध्ये ज्ञात बाधित आणि ज्ञात निरोगी नमुनेही ठेवावे लागतात.

दुपारी वीज गेली. वेल्लोरमध्येही वीज जायचीच. सगळे चहाला गेले. परत येऊन झाकण उघडले तेव्हा जॉर्ज बाबू आणि निर्मला पुढे होते. बाबूंनी पाहिले आणि झाकण पटकन बंद केले. थट्टा नको, अशा अर्थाचे काहीतरी म्हणाले. पण निर्मलांनी पाहिले होते. सहा खळगे पिवळे झाले होते. मिनिटभराने सिमोस आत आले, त्यांनीही पाहिले आणि ते धावतच जेकब जॉन यांना बोलवायला गेले. हे नमुने कुठून आणले, हा जॉन यांचा पहिला प्रश्न होता. कोणाजवळही याची वाच्यता करायची नाही, अशी ताकीद घेऊन पतिपत्नी मद्रासला परतली.

आता खरा कसोटीचा भाग येतो, आणि विद्यार्थ्यांनी थोडे थांबून पाहावा असा तो आहे. पिवळा रंग दिसला म्हणजे संसर्ग सिद्ध झाला का? नाही. कल्पना करावी की चाचणी शंभर निरोगी माणसांपैकी नव्याण्णवांना निरोगी म्हणते आणि एकाला चुकून बाधित ठरवते. बाधितांपैकी मात्र एकही तिच्या नजरेतून सुटत नाही. दहा हजारांच्या वस्तीत खरे बाधित फक्त दहा असतील, तर या चाचणीत सुमारे ११० जण बाधित दिसतील, आणि त्यांतले शंभर निरोगी असतील. रोग जितका विरळ, तितका होकारार्थी निकाल संशयास्पद. जिथे एकही रुग्ण आढळलेला नव्हता त्या देशात पहिला होकार म्हणजे सर्वांत जास्त संशय घ्यावा असा होकार. त्यात त्या पहिल्या पिढीच्या चाचण्यांसाठी विषाणू मानवी पेशींत वाढवत, त्यामुळे त्या पेशींची काही प्रथिनेही खळग्याला चिकटून राहत. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात अशा परक्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे असू शकतात, आणि विषाणू नसतानाही रंग उमटू शकतो. व्हिजिलन्स होममधल्या स्त्रियांच्या बाबतीत ही शंका नुसती पुस्तकी नव्हती.

तरी ऐंशी-शंभरांत सहा हे प्रमाण निव्वळ चुकीने येण्यासारखे नव्हते. पण ‘या गटात संसर्ग आहे’ असे म्हणणे आणि ‘या बाईला संसर्ग आहे’ असे म्हणणे यांत फार मोठे अंतर आहे. सोलोमन, जॉन, सिमोस आणि बाबू व्हिजिलन्स होममध्ये गेले आणि त्या सहा जणींचे रक्त पुन्हा घेतले. ही घाई न करण्याची वृत्ती या साऱ्या कथेत सर्वांत मोलाची. सिमोस ते नमुने घेऊन अमेरिकेला गेले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वेस्टर्न ब्लॉट परीक्षा झाली. तीत विषाणूची प्रथिने आधी वजनानुसार पट्टीवर वेगवेगळी केली जातात, त्यामुळे रुग्णाचे प्रतिपिंड नेमक्या कोणत्या प्रथिनाला चिकटले ते वाचता येते. भलत्याच पेशीच्या प्रथिनाला चिकटले तर ते लपत नाही. निकाल कायम राहिला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला कळवण्यात आले. तिथून पंतप्रधान राजीव गांधी यांना, आणि तामिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हांडे यांना. मे महिन्यात हांडे यांनी विधानसभेत ही गोष्ट जाहीर केली तेव्हा सोलोमन आणि निर्मला प्रेक्षकांच्या सज्जात बसल्या होत्या. योगायोग असा की त्याच मे महिन्यात आंतरराष्ट्रीय समितीने या विषाणूला ‘एचआयव्ही’ हे नाव सुचवले. तोवर अमेरिकेतले संशोधक त्याला एक, फ्रान्समधले दुसरे नाव देत होते. निर्मलांनी शोधले तेव्हा त्या विषाणूला सर्वमान्य नावही नव्हते.

लोकांचा पहिला प्रतिसाद अविश्वासाचा होता. चाचणी चुकली असेल, डॉक्टर चुकले असतील. मग राग. तो मुख्यतः सोलोमन यांच्यावर निघाला. उत्तरेकडची एक बाई येऊन आम्हाला घाणेरडे म्हणते, असे बोलले गेले. मद्रासमध्ये जन्मलेली, मद्रासमध्ये शिकलेली, त्याच शहरातल्या सरकारी महाविद्यालयात शिकवणारी ही बाई. पण आडनाव गायतोंडे, म्हणून उत्तरेची. महाराष्ट्रात ‘उत्तरेकडचे’ हा शब्द कोणासाठी वापरला जातो हे ठाऊक असलेल्या वाचकाला यातली गंमत कळेल, आणि ती पुरेशी कडूही लागेल. जे वास्तव नकोसे असते ते सांगणारा परका ठरवला जातो. त्यासाठी नकाशा फारसा पाहावा लागत नाही.

या गदारोळात त्या सहा जणींचे काय? त्यांच्याविषयी बोलणे सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक आहे. त्यांना आपले रक्त कशासाठी घेतले हे माहीत नव्हते. निर्मलांनी पुढे हे मोकळेपणाने सांगितले: त्या निरक्षर होत्या, एड्स म्हणजे काय हे सांगूनही कळले नसते, गुप्तरोगांसाठी रक्त तपासतात अशीच त्यांची समजूत होती. कुलपाआडच्या स्त्रीला एखाद्या डॉक्टरला नाही म्हणता येते का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. हेलसिंकी जाहीरनामा १९६४ सालचा. आपल्याच वैद्यकीय संशोधन परिषदेने मानवी संशोधनातील नीतीविषयीचे धोरण १९८० साली प्रसिद्ध केले होते. म्हणजे संमतीची कल्पना तेव्हा अज्ञात नव्हती; मैलापूरच्या त्या आवारापर्यंत ती पोहोचली नव्हती, एवढेच. निर्मलांना व्यक्तिशः दोष देणे सोपे आहे. एका विद्यार्थिनीने पाळावा असा नियम तिच्याभोवतीची एकही संस्था पाळत नव्हती, हे विसरले तरच ते सोपे वाटते.

दुसऱ्या बाजूचा विचारही सोपा नाही. समजा त्यांना नीट सांगितले असते, तर पुढे काय द्यायचे होते? औषध नव्हते. एझेडटी हे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले मार्च १९८७ मध्ये, आणि तेही कित्येक वर्षे इथल्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर राहिले. बाधितांपैकी एक मुलगी अवघी तेरा वर्षांची होती. तिला पळवून आणून या धंद्यात विकले होते, असे सोलोमन पुढे सांगत. त्या मुलीमुळे आपले पुढचे आयुष्य बदलले, असेही त्या म्हणत. ‘अतिजोखमीचा गट’ हा शब्द प्रबंधाच्या रकान्यात व्यवस्थित बसतो. तेरा वर्षांची मुलगी त्यात बसवताना हात अडखळायला हवा.

निकालाचा परिणाम त्या स्त्रियांना भोगावा लागला, तो असा: संसर्ग असलेल्या स्त्रियांना शिक्षेची मुदत संपल्यावरही सोडले जाईना. रोग बाहेर पसरेल, ही भीती. म्हणजे जो शोध त्यांच्या रक्तातून लागला, त्यानेच त्यांच्या दारावरचे कुलूप घट्ट केले. पत्रकार श्यामला नटराज यांनी याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली आणि १९९० साली न्यायालयाच्या आदेशाने सुटका झाली. कोंडून ठेवून साथ थांबत नाही. विषाणू आणणारे आणि नेणारे पुरुष कुंपणाबाहेरच होते. पण हे समजायला न्यायालयाची पायरी चढावी लागली. संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करू नये, बाधित व्यक्तीची माहिती उघड करू नये, तिच्याशी भेदभाव करू नये, हे कायद्याच्या भाषेत लिहिले गेले ते २०१७ साली, आणि तो कायदा अंमलात आला सप्टेंबर २०१८ मध्ये. मैलापूरच्या त्या सकाळींनंतर बत्तीस वर्षांनी.

आज प्रयोगशाळाशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी नैतिकता समितीच्या मंजुरीसाठी महिनोन्‌महिने ताटकळतो. मराठीतले माहितीपत्रक करा, ते रुग्णाला वाचून दाखवा, अंगठा घेतला तर साक्षीदाराची सही घ्या, या साऱ्याला वैतागतो. वैताग समजण्यासारखा आहे. समितीने सुचवलेल्या तिसऱ्या दुरुस्तीनंतर कोणाचाही संयम सुटेल. पण त्या कागदांतली एकेक ओळ कोणत्या तरी ‘व्ही. होम’मधून आलेली असते. बंदिस्त संस्थेत राहणाऱ्यांना त्या नियमांत ‘असुरक्षित गट’ म्हणून वेगळे संरक्षण आहे. ते वाचताना मैलापूर आठवावे.

शोधनिबंध ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’च्या १९८७ सालच्या अंकात आला. पहिले नाव सिमोस यांचे, मग बाबू, मग जॉन. निर्मला चौथ्या, सोलोमन पाचव्या. नावांच्या या क्रमावर चहाच्या टपरीवर वाद घालणारे विद्यार्थी प्रत्येक विभागात सापडतील, आणि त्यांचा मुद्दा निराधार म्हणता येणार नाही. निर्मलांनी त्याविषयी कधी तक्रार केल्याचे दिसत नाही. त्यांना प्रबंध पुरा करायचा होता. कितीही मोठा शोध लागला तरी त्याने परीक्षा चुकत नाही. तक्ते करावे लागतात, संदर्भ जुळवावे लागतात, टंकलिखित प्रती बांधून घ्याव्या लागतात.

सोलोमन यांनी १९८८ साली महाविद्यालयातच एड्स संशोधन गट सुरू केला, आणि १९९३ साली सरकारी चाकोरी सोडून वडिलांच्या नावाने ‘वाय. आर. गायतोंडे सेंटर फॉर एड्स रिसर्च अँड एज्युकेशन’ ही संस्था काढली. जिथे कोणी हात लावायला तयार नव्हते अशा रुग्णांना त्या स्वतः तपासत, त्यांच्याजवळ बसत. एचआयव्हीबाधित वधूवरांचे विवाहही त्यांनी जुळवून दिले. गायतोंड्यांच्या घरातली एखादी आत्या जे काम हौसेने करते तेच, फक्त वेगळ्या कारणाने. २८ जुलै २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. आज देशात एचआयव्हीसह जगणारी सुमारे २५ लाख माणसे आहेत, आणि नियमित औषधांवर त्यांतल्या बहुतेकांना दीर्घ आयुष्य लाभते.

निर्मलांची गोष्ट याहून शांत आहे. २८ फेब्रुवारी १९८७ रोजी देशाने पहिला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा केला. भाषणे झाली, रामन यांच्या तसबिरींना हार घातले गेले. पुढच्याच महिन्यात, मार्च १९८७ मध्ये, मद्रासच्या एका विद्यार्थिनीने तामिळनाडूतील एड्सच्या सर्वेक्षणावरचा आपला प्रबंध विद्यापीठाला सादर केला. पदवी मिळाल्यावर त्या गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये लसनिर्मितीच्या कामाला लागल्या. तिथे त्यांनी २०१० सालापर्यंत नोकरी केली आणि त्या निवृत्त झाल्या. कित्येक वर्षे त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. घरचा तो फ्रिज मात्र त्या मार्चपासून पुन्हा दूध-भाजीपुरता मोकळा झाला असेल.